एकतीस मीटर

१

दीपमालाच्या दुकानात टीव्ही होता, पण त्यावर कधी मालिका लागली नाही की क्रिकेट. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांना याचं भारी नवल वाटायचं. पडद्यावर दिवसभर एकच चित्र: मागच्या खोलीतली लोखंडी खाट, खाटेवर तिचे सासरे वीरप्पा, भिंतीकडेला एक स्टूल. "अगं, हे कसलं चॅनेल लावलंयस?" असं कुणी विचारलं की ती तोंडातली टाचणी न काढताच सांगायची, "आमच्या अप्पांचं."

थट्टेवारी नेत असली तरी त्या चित्रात तिचा जीव अडकलेला होता. जळकोटला हायवेलगतचं त्यांचं घर म्हणजे लांबलचक बोळ. पुढं शिलाईचं दुकान, मग स्वयंपाकघर, मग उघडं अंगण आणि सगळ्यात मागं अप्पांची खोली. मागच्या वर्षी अप्पा खाटेवरून पडले तेव्हा ती मशीनवर होती. एकीकडं ट्रकांची घरघर, दुसरीकडं मशीनची. म्हाताऱ्याची हाक कुठून ऐकू येणार? दोन तास ते फरशीवर पडून होते. खुबा मोडला. उजवा हात तर आधीपासूनच लुळा होता. नणंदेनं चारचौघांत विचारलं, "तू घरात होतीस का न्हवतीस?" तो प्रश्न दीपमाला अजून विसरली नव्हती.

तिचा नवरा कृष्णराज आधी लग्नाचं शूटिंग करायचा. आता सोलापुरात नोकरीला होता, शनिवारी घरी यायचा. त्यानं आपला जुना कॅमेरा अप्पांच्या खोलीत स्टँडवर उभा केला. वायफाय काही तिथवर पोचेना, म्हणून त्याचा दोस्त मुनवर आला. त्यानं कॅमेऱ्याजवळ एक डबी बसवली, टीव्हीमागं दुसरी, आणि भिंतीतल्या पाइपातून दोन्हींच्या मधे नेटची केबल ओढली. एका डबीनं चित्र केबलीत घालायचं, दुसरीनं ते बाहेर काढायचं. आठ महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एका मंगळवारी अकराच्या सुमारास अप्पांना चहा देऊन ती पुढं आली, मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला आणि सहज वर पाहिलं. पडद्यावर ती अजून स्टुलावर कप ठेवत होती.

२

"चित्र मागं राहायलंय?" मुनवर हसला. "थोडं तर राहणारच की वहिनी. डबीला बी इचार कराया वेळ लागतो."

"थोडं न्हाय, मुनवरभाई. मी अंगण ओलांडून आले, बसले, दोरा ओवला. तवर मी तिथंच उभी."

मुनवर तोंडानं सैल असला तरी हातानं पक्का होता. त्यानं केबलीची दोन्ही टोकं कापली, नवी क्लिपं दाबून बसवली, डब्यांचे अॅडाप्टर बदलून पाहिले. कॅमेऱ्याचं झाकण उघडून आत कार्ड आहे का तेही बघितलं. नव्हतं. "मग झालं तर," तो म्हणाला. "साठवायला जागाच न्हाय, तर शिळं दाखवणार कुठनं? जे दिसतंय ते आत्ताचंच हाय."

त्याची एक सवय होती. केबलीच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. मुनवर सुरुवातीचा नि शेवटचा आकडा पाइपाच्या तोंडाशी भिंतीवर मार्करनं लिहून ठेवायचा, म्हणजे पुढं कधी बिघाड झाला तर आत किती केबल आहे ते कळावं. इथं पुढं एकशेबारा होतं, मागं एकशेत्रेचाळीस. सरळ एकतीस मीटर. त्यानं लांबी मोजायचा टेस्टर लावला आणि भुवया वर केल्या.

"अडतीस दाखवायलंय."

"म्हंजे?"

"म्हंजे माझा सेल उतरलाय." त्यानं सेल काढला, पँटीला घासला, परत घातला. पुन्हा अडतीस. त्यानं टेस्टर पिशवीत टाकला आणि दीपमालाला मागं जाऊन हात हलवायला सांगितलं. तिनं हलवला. "आला! तिथल्या तिथं!" मुनवर दुकानातून ओरडला. चहा पिऊन, अप्पांची विचारपूस करून तो गेला. अडतिसाचं पुढं काही त्यानं काढलं नाही, आणि दीपमालानंही विचारलं नाही.

३

गुरुवारपर्यंत चित्र परत रेंगाळायला लागलं. दीपमाला ते आपल्या मापानं मोजायची. सकाळी एक काठ दुमडून व्हायचा तेवढा वेळ, दुपारी एक बाही जोडून व्हायची तेवढा. ती खोलीतून आली की बाही जोडायला घ्यायची, आणि बाही संपत आली की पडद्यावरची ती खोलीबाहेर पडायची. मनात एकच हिशेब घोळायचा: अप्पा आत्ता घसरले तर मला बाहीभर उशिरा दिसणार. म्हणून ती दर अर्ध्या तासानं उठून मागं जायची. पाय भरून आले, ब्लाऊज तुंबले.

शुक्रवारी नवरीचे पाच ब्लाऊज द्यायचे होते आणि त्या गडबडीत अप्पांच्या पूजेला उशीर झाला. लिंगायताचं घर, अंघोळ झाल्यावर इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पांच्या तोंडात पाणीसुद्धा जायचं नाही. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं विभूती लावायची. उजवा हात लुळा पडल्यापासून ते काम दीपमालाच करायची. लिंगाला, मग अप्पांच्या कपाळाला तीन बोटं, मग लिंग परत चांदीच्या डबीत आणि डबीचा दोरा गळ्यात. तोवर तीही चहा घ्यायची नाही.

दहा वाजता ती पूजेचं ताट घेऊन धावतच मागं गेली, आणि उंबऱ्यातच थांबली. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते, अजून ओलसर. डबी गळ्यात होती. दोऱ्याची गाठ नीट बसलेली होती.

"अप्पा, पूजा कुणी केली?"

"कुणी म्हंजे?" अप्पा हसले. "आता तर करून गेलीस की अव्वा. च्या बी पाजलीस."

स्टुलावर कप होता. तळाशी चहाची भुकटी ओली होती.

शेजारची नागूबाई कधीमधी डोकावायची, म्हणून तिनं संध्याकाळी तिला विचारलं. नागूबाई सकाळपासून रानात होती. मग दीपमालानं स्वतःची समजूत घातली: केली असेल आपणच. कामाच्या रगाड्यात माणूस जेवला की नाही तेही विसरतो. पण ती सकाळभर उपाशी होती, आणि पोट काही विसरत नाही. मागं जाताना तिच्या हातातल्या ताटात विभूतीचा गोळा अख्खाच्या अख्खा होता.

४

त्या शनिवारी कृष्णराजला सुट्टी मिळाली नाही. फोनवर त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जुना कॅमेरा हाय गं, अडकत आसंल. आणि अप्पांचं वय बघ की. तू झोप जरा." तिला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

सोमवारी तिनं ठरवून पाहिलं. बाराला अप्पांना जेवू घातलं, तोंड पुसलं, ताट उचललं, अंगणात ताट घासलं, दुकानात येऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत राहिली. चित्र बाहीभर मागं होतंच. पडद्यावरची ती आली, घास भरवले, तोंड पुसलं, ताट उचललं.

आणि ताट खाली ठेवून परत बसली.

कॅमेऱ्याकडं पाठ होती. तीच मोरपंखी साडी, गळ्यात तोच मापाचा टेप. तिनं स्टूल खाटेला लागून ओढलं, अप्पांचा लुळा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली. घाई कसली ती नाही. दीपमाला वाट बघत होती, आता उठेल, मग उठेल. दहा मिनिटं झाली. वीस झाली. गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्याचं कण्हणं नको, म्हणून टीव्हीचा आवाज ती नेहमी बंद ठेवायची. तिनं तो हळूच वाढवला. अप्पा हसत होते. असं मोकळं हसणं त्यांच्या तोंडून तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मधूनच बाईचा हलका आवाज यायचा. शब्द लागत नव्हते.

ती पळाली. स्वयंपाकघर, अंगण, खोली. अप्पा एकटेच होते. खाटेला लागून स्टूल होतं. जाताना तिनं ते भिंतीकडेला सारलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं स्टुलावर तळहात ठेवला. ऊब होती. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

"काय गं," अप्पा म्हणाले, "काय राहिलं का?"

तिला भीती वाटली, हे तर झालंच. पण त्याहून जास्त लाज वाटली. हात चोळायला डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलं होतं आणि एवढ्या दिवसांत तिला एकदाही वेळ मिळाला नव्हता.

५

मंगळवारी मुनवर परत आला. या वेळी त्याची जीभ जरा कमी चालत होती. "घड्याळ लावून बघू," तो म्हणाला. दीपमालानं भिंतीवरचं घड्याळ काढून मागच्या खोलीत न्यायचं आणि कॅमेऱ्यासमोर धरायचं, मुनवरनं दुकानात पडद्यावरचे काटे बघायचे. फोन चालू ठेवायचा.

अप्पांचा डोळा लागला होता. ती दारातच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि घड्याळ छातीशी धरलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

"धरलंय, मुनवरभाई. अकरा वाजून सात."

"दिसंना, वहिनी."

"वर धरू?"

"तसं न्हाय. तुमी खाटेवर बसलाव. पाठ करून. घड्याळ कुठंय?"

"मी दारात उभी हाय."

फोनमधून एका ट्रकचा हॉर्न आला, आणि तोच हॉर्न छपरावरूनही आला. दीपमालानं खाटेकडं बघायचं टाळलं. खोलीत अप्पांच्या श्वासाखेरीज काही नव्हतं, पण तो श्वास तिला दोन माणसांचा वाटला. छातीशी घड्याळ टकटकत होतं, भास होणारच, असं तिनं मनाला बजावलं.

"तुमी दारात हाव न्हवं?" मुनवरनं खात्री करून घेतली. "मग पुढं या बगू. हळूच या."

ती आली तेव्हा त्यानं टीव्हीमागची केबल उपटून टेस्टरला लावलेली होती. बासष्ट मीटर. सेल नवाकोरा होता; त्यानं तिच्यासमोर वेष्टण फाडून घातला होता, ते टेबलावरच पडलेलं होतं.

"एकतीस जाऊन आणि पुढं एकतीस," तो म्हणाला. "मागल्या भिंतीपलीकडं काय हाय तुमच्या?"

"काय न्हाय. नागूबाईचं तुरीचं रान."

"पाइप तर भिंतीतच संपतो. म्याच बसवलाय." त्यानं मागं जाऊन दुसरं टोकही काढलं, जाताना खाटेकडं न बघता आणि येताना जवळजवळ पळत. "घाला चुलीत तो टीव्ही. तुमी सोता अप्पांपाशी बसा. ह्या केबलीला हात लावू नका." चहा ठेवते म्हणाली तर नको म्हणाला.

६

दीपमालानं त्याच दिवशी मशीन अप्पांच्या खोलीत हलवलं. हे आधीच का सुचलं नाही, असं तिला झालं. ब्लाऊज शिवता शिवता अप्पा समोर, कॅमेरा नको की केबल नको. गिऱ्हाइकं अंगणातून येतील. तिला कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तिनं अप्पांचा हात चोळायला घेतला.

अप्पांनी डाव्या हातानं तो सोडवून घेतला.

"ती येऊ दे," ते म्हणाले.

"कोण, अप्पा? मी दीपमाला."

"तू कामात आसतीस. ती येऊ दे."

रात्रीचं जेवण त्यांनी ओठ मिटून परतवलं. बुधवारी सकाळी पूजेला ती लिंग त्यांच्या तळहातावर ठेवू गेली, तर त्यांनी डावी मूठ घट्ट आवळली. पूजा नाही म्हणून पाणी नाही. तिनं विनवण्या केल्या, रागावली, शेवटी रडली. अप्पा दाराकडं बघत पडून राहिले. गुरुवारी डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. बाहेर तिला म्हणाले, "मनानं धरलं तर या वयात फार दिवस निघत नाहीत." शुक्रवारी ओठ फुटले आणि आवाज बारीक झाला. पडून मरू नयेत म्हणून जिनं वर्षभर डोळ्यांत तेल घातलं, तिच्या डोळ्यांदेखत ते उपाशी चालले होते, आणि उद्या सगळे तिलाच विचारणार होते, तू घरात होतीस का नव्हतीस.

"उद्या येतोच मी," कृष्णराज फोनवर म्हणाला.

शनिवारी उजाडताच दीपमालानं मशीन ओढत पुढं नेलं. परत मागं गेली. अप्पांना पुसून घेतलं, पूजेचं साहित्य आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी स्टुलावर मांडली. मग केबल उचलून कॅमेऱ्याच्या डबीत घातली. क्लिप बसल्याचा बारीक आवाज झाला. पुढं येऊन दुसरं टोक घातलं. पडद्याकडं न बघता ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

अर्ध्या तासानं गेली तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली होती. अप्पांच्या कपाळावर तीन पट्टे होते. ते शांत झोपले होते, ओठांना तूप लावलेलं होतं. तूप लावायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती अंगणात येऊन रडली, आणि खोटं कशाला बोला, ते रडू सुटकेचं होतं.

७

दिवसभर तिनं मान वर केली नाही. तुंबलेले ब्लाऊज होते, त्यांतच डोकं घालून बसली. पाचच्या सुमारास प्रतीक्षा नावाची कॉलेजातली मुलगी आपला ब्लाऊज न्यायला आली आणि उभ्या उभ्या टीव्ही बघायला लागली.

"काका आले वाटतं, काकू."

दीपमालाच्या हाताखालचं मशीन थांबलं. कृष्णराज कधीकधी मागच्या गल्लीनं, अंगणाच्या फाटकातून यायचा. तिनं वर पाहिलं. पडद्यावर तो दारातून आत येत होता, खांद्याची बॅग उतरवत होता. अप्पा उशीला टेकून बसले होते. स्टुलावरून बाई उठली, तांब्यातून पाणी ओतलं आणि पेला त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला, गटागटा प्याला आणि काहीतरी बोलून हसला. त्याला काही वेगळं वाटलं नाही.

"आणि ह्या कोण?" प्रतीक्षानं पडद्याकडं पाहिलं, मग दीपमालाकडं. "बहीण हाय व्हय तुमची? डिट्टो हो!"

रिकामा पेला घेऊन बाई वळली. पहिल्यांदाच तिचं तोंड कॅमेऱ्याकडं आलं, डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. चेहरा दीपमालाचाच होता. फक्त तो दमलेला नव्हता.

मग तिनं हात पुढं केला आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

दीपमाला धावली. चित्र मागं राहतंय, हे धावतानाही तिच्या डोक्यात होतं. आपण बघितलं ते केव्हाच होऊन गेलंय. अंगणातल्या दोरीवरचं फडकं तोंडावर आलं, ते ओरबाडून ती दाराशी पोचली. दाराला आतून कडी होती. अप्पा पडल्यापासून या दाराला कडी लावायची नाही, असा तिनंच घरात दंडक घातला होता. आतून बोलण्याचा आवाज येत होता, घरात माणसं निवांत बोलत बसतात तसा.

"अवो! दार उघडा! मी हाय!"

बोलणं थांबलं.

"कोण हाय गं?" कृष्णराजनं आत कुणालातरी विचारलं.

"कुणी न्हाय," दीपमालाचाच आवाज म्हणाला, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा. "पुढं दुकानात टीव्ही चालू राहिलाय. तुमी जेवा."

अप्पा हसले. ताटाला वाटी लागल्याचा आवाज झाला. मग कृष्णराज बोलला, आणि त्याच्या बोलण्यात एवढी माया दीपमालानं कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती.

"लई दिवसांनी आशी बसलीस गं आमच्यापाशी."

दीपमालानं दार वाजवायला हात उचलला होता. तो तसाच वर राहिला.